पाकिटावरचे सहा चौकोन

फोंड्यात माझं छोटं डिझाइनचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बॅनर, झेरॉक्स ही रोजची कामं. पण जीव रमतो तो नाटकवाल्यांच्या कामात. आपल्याकडे जत्रेला नाटक हवंच, शिवाय हौशी मंडळं स्पर्धेत उतरतात. त्यांना जुनी पत्रं, तारा, दस्तऐवज लागतात आणि ते घडवायला मला मनापासून आवडतं.

गेल्या पावसाळ्यात एका मंडळाने मुक्तीच्या काळातलं नाटक घेतलं. त्याचं चित्रीकरणही होणार होतं. रंगमंचावर लांबून कुठलंही पाकीट खपून जातं, कॅमेऱ्यापुढे नाही. दिग्दर्शकाने विचारलं, "पत्र १९६१च्या डिसेंबरअखेरचं आहे. तिकीट पोर्तुगीज की भारतीय?" दोन्ही चाललं असतं. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, २९ डिसेंबरपासून भारतीय तिकिटं लागू झाली आणि जुनी ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालवून घेतली गेली. नाटकातली आजी घरात पडून असलेलं तिकीटच चिकटवणार, म्हणून आम्ही जुनं धरलं. त्यावर टांगा हे जुनं पोर्तुगीज काळातलं नाणं मात्र नको होतं. १९५९ पासून तिकिटांवर एस्कुदो-सेंताव्हो आले होते.

तिकिटाचं चित्र मी मनाचंच काढलं. खरी मजा शिक्क्यात होती. शिक्क्याचं वर्तुळ आणि गावाचं नाव धातूत कोरलेलं असतं, ते हलत नाही. तारीख रोज बदलावी लागते, म्हणून तिचे खिळे सुटे. जुना ठसा भिंगाखाली धरा, तारखेतला एखादा आकडा शेजाऱ्यांपेक्षा जरासा खाली बसलेला किंवा कललेला सापडतो. म्हणून फोटोशॉपमध्ये नाव वर्तुळाच्या रेषेवर नीट बसवलं, पण तारखेचा प्रत्येक आकडा वेगळ्या लेयरवर ठेवून ९ किंचित फिरवला. मग हलका ब्लर आणि त्यावर थ्रेशोल्ड. अक्षरांचे कोपरे बोथट होतात, ६ चं पोट भरून येतं, शाई कागदात पसरल्यासारखी दिसते. मास्क लावून एका अंगाची शाई उडवली, कारण हाताने मारलेला ठसा चारी बाजूंनी सारखा उठत नाही. शेवटी लेयर मल्टिप्लायवर टाकला, की तिकिटाचा रंग शाईखालून दिसतो. गावाचं नाव मी नेहमी नकाशात नसलेलंच घालतो.

हे सगळं पडद्यावर मोठं करून बघत होतो, तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ आधार कार्डाची झेरॉक्स काढायला आले. स्क्रीनकडे बघतच राहिले.

"हुबेहूब रे! असलाच एक मला करून दे."

पिशवीतून त्यांनी एक पिवळट पाकीट काढलं. तिकीट लावलेलं, शिक्का नाही. "गावाचं नाव मी सांगतो. साल ६८ घाल. पैशांचं बघू नकोस."

"काका, कशाला हवाय?"

"घराची केस आहे. भाटकाराने आमच्या वडलांना घर बांधायला सांगितलं, त्याचं पत्र आहे. पण ते तेव्हाच आलेलं हे कसं दाखवू? तोंडी सांगितलेलं मामलेदार कुठे ऐकतो?"

मला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं, आजही वाटतं. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीवर घर करून राहणाऱ्यांना, घरातून काढता येऊ नये म्हणून १९७५चा कायदा झाला, पण आपण मुंडकार आहोत हे सिद्ध करता करता माणसं थकतात. त्यांचं म्हणणं अक्षरशः खरंही असेल. तरी मामलेदारापुढे ठेवायच्या कागदावर माझ्या संगणकातला शिक्का जाणार नव्हता. तसं स्पष्ट सांगितलं. म्हटलं, "घरपट्टीच्या जुन्या पावत्या शोधा, जुनं रेशनकार्ड, मतदार यादीतलं नाव, शेजारच्या जाणत्या माणसांची साक्ष. हे सगळं वकिलाला दाखवा. खोटा शिक्का पकडला गेला तर खरी केसही हातची जाईल, वर गुन्हा दाखल होईल."

"तू नाही तर दुसरा कोणी करील," असं म्हणत ते पाकीट परत ठेवायला लागले. तेव्हा माझी नजर पाकिटाच्या खालच्या कोपऱ्यावर गेली. तिथे पिनकोडसाठी सहा चौकोन छापलेले होते. पिनकोड आपल्या देशात सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. १९६८ मध्ये टपालात पडलेल्या पाकिटावर ते चौकोन असूच शकत नाहीत.

जिभेवर आलेलं मी गिळलं. दिग्दर्शकाला अशी चूक मी धावत जाऊन दाखवली असती. काकांना दाखवली असती, तर त्यांनी चौकोन नसलेलं जुनं पाकीट शोधलं असतं आणि शिक्का कुठूनतरी उठवून घेतला असता. ते पत्र खरं की आता लिहिलेलं, मला ठाऊक नाही. समोरच्या पक्षालाही घरदार आहे, वकील आहे. त्या वकिलाच्या डोळ्यांना काहीतरी दिसायची जागा त्या पाकिटावर होती, ती मी माझ्या हाताने बुजवणार नव्हतो. झेरॉक्सचे पैसे मी घेतले नाहीत. पावत्यांचं तेवढं परत एकदा सांगितलं.

संध्याकाळी नाटकाच्या शिक्क्यात एक बदल केला. वर्तुळाच्या तळाशी, जिथे नक्षी होती तिथे, मंडळाचं नाव बारीक अक्षरांत बसवलं. दिग्दर्शक आधी कुरकुरला, पण कॅमेऱ्यात ते वाचता येत नाही हे बघून गप्प झाला. मंडळाला मी लेयरची फाइल दिली नाही, छापलेली पाकिटंच दिली. चित्रीकरण आटोपल्यावर तीही मोजून परत घेतली.