आठ स्टुलं आणि एक जातं

कळव्याच्या सुताराला मी एकसारखी आठ स्टुलं करायला सांगितली तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "हॉटेल टाकताय का ताई?" व्यायामाचा वर्ग आहे म्हटल्यावर त्याने पेन्सिल कानामागे खोचली आणि माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं बघितलं. "बसून कसला व्यायाम?"

२०१६ ची गोष्ट. वर्ग जायरोकिनेसिसचा, म्हणजे स्टुलावर बसून सगळा कणा हलवायच्या व्यायामाचा. हाच प्रश्न त्यानंतर मी इतक्या तोंडांतून ऐकला आहे की आता उत्तर देत नाही, स्टूल पुढे सरकवते.

त्याआधी चौदा वर्षं मी फोर्टातल्या एका कचेरीत हिशेब बघत होते. ठाण्याला गाडी भरूनच येते, त्यामुळे बसायला मिळण्याचा प्रश्न नसे. डाव्या खांद्यावर पर्स, उजव्या हाताने वरची कडी, आणि गर्दी जिकडे ढकलेल तिकडे पिळलेलं अंग. जाताना तासभर, येताना तासभर, पीळ कायम एकाच बाजूचा. १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली याचा आम्हा ठाणेकरांना कोण अभिमान, पण आमच्या पाठींची तक्रारही तेव्हाच सुरू झाली असणार.

लग्नाआधी मी कथ्थक करायचे. विशारद झाले, गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर दोनदा नाचले, मग गुडघा कुरकुरायला लागला आणि घुंगरं माळ्यावर गेली. पस्तिशीत पाठ धरली. मणक्यांमधल्या चकतीला फुगवटा आहे, ऑपरेशनची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. फिजिओथेरपी केली आणि दुखणं खरोखर थांबलं. ते श्रेय त्या बाईंचंच. पण एक गोष्ट उरली. वाकताना, वळताना, पलंगावरून उठताना मी आधी मनात हिशेब करायचे. जी बाई एकेकाळी गरगर गिरक्या घ्यायची, ती आता खाली पडलेली पिन उचलायला मुलाला हाक मारत होती.

अशात एका मैत्रिणीने मुंबईतल्या एका वर्गाला ओढून नेलं. जायरोकिनेसिस हे नाव मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. हा प्रकार ज्युलियू होर्वाथ या माणसाने उभा केला. जन्म रोमानियातला, लहानपणी पोहणं आणि जिम्नॅस्टिक्स, पुढे बॅले. देश सोडून अमेरिकेत गेला, ह्यूस्टन बॅलेमध्ये प्रमुख नर्तक झाला, आणि टाचेमागचा अकिलीज स्नायुबंध तुटून नाच संपला. मग तो व्हर्जिन आयलंड्समधल्या सेंट थॉमस बेटावर जाऊन राहिला, योगाभ्यासात बुडाला आणि स्वतःच्या मोडक्या शरीरावरच प्रयोग करत बसला. १९८०च्या दशकात न्यूयॉर्कला परतून त्याने हे नर्तकांना शिकवायला घेतलं. सुरुवातीला त्याला नर्तकांसाठीचा योग म्हणायचे. नाच बंद पडलेल्या माणसाने ही पद्धत काढली, हे कळल्यावर मी जरा सरसावून बसले, हे कबूल करते.

पहिल्या दिवशी काय झालं ते सांगते. स्टुलावर पाय फाकवून बसायचं, तळवे गुडघ्यांवर. आधी डोकं, मान, पोटऱ्या हातानेच चोळायच्या. मग ओटीपोटापासून सुरुवात: छाती पुढे आणि वर, पाठीची कमान. श्वास सोडत उलट, पाठ गोल. आमच्या वर्गात आम्ही याला 'कमान' आणि 'गाठोडं' म्हणतो. मग दोन्ही बाजूंना झुकणं, दोन्ही बाजूंना पीळ, आणि शेवटी हे सगळं जोडून धडाचं एक गरगर फिरणं. त्याला आम्ही 'घुसळण' म्हणतो, ताकाची आठवण ठेवून. कुठेही दहापर्यंत मोजून थांबायचं नाही. एक हालचाल संपते तिथेच दुसरी सुटते, श्वास तिला वाहून नेतो. कथ्थकवाल्यांना हे लगेच समजतं, कारण आवर्तन, म्हणजे तालाचा फेरा, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर येऊन थांबत नाही, समेवरून पुढे निघतं. वीसेक मिनिटांनी माझ्या लक्षात आलं की मी चांगली पिळून मागच्या भिंतीकडे बघते आहे आणि आधी हिशेब केलेलाच नाही. घरी येताना गाडीत उभ्याउभ्या रडू आलं. शेजारच्या बाईने पाण्याची बाटली दिली.

नोकरी मी लगेच नाही सोडली. आधी प्रशिक्षण केलं. त्याचे टप्पे असतात: पूर्वतयारी, पायाभूत अभ्यासक्रम, उमेदवारी, मग प्रमाणपत्र. जायरोकिनेसिस हे नाव नोंदणीकृत आहे. प्रमाणपत्राशिवाय पाटीवर लावता येत नाही, म्हणून पहिलं वर्षभर आमच्या पाटीवर फक्त 'पाठीचा वर्ग' एवढंच होतं. लोक वजनकाटा, कंबरपट्टा, अगदी मालिशसुद्धा विचारत यायचे.

जागा म्हणजे पाचपाखाडीतल्या एका सोसायटीचा हॉल, सकाळी दोन तास. पुढे २०१७ चा नवा दुकान कायदा आला, त्यात दहापेक्षा कमी कामगार असल्याने नोंदणी लागली नाही, नुसती सूचना दिली. त्याच वर्षी जीएसटी आला, पण वीस लाखांच्या आत उलाढाल, त्यामुळे त्याचीही कटकट नव्हती. वीस लाख! हसूच आलं होतं. पहिल्या महिन्यात हॉलचं भाडं जाऊन माझ्या हातात रिक्षाभाडं उरलं.

आणि मग मी ती चूक केली. नवऱ्याच्या मित्राने सल्ला दिला की लोकांना आकडा लागतो. पत्रकं छापली, पेपरात टाकून वाटली: 'एका महिन्यात फरक पाहा, वजन व पोट कमी करा.' अकरा जणी आल्या. महिना संपल्यावर एकीने घरचा वजनकाटा पिशवीतून आणला आणि सगळ्यांसमोर त्यावर उभी राहिली. काटा जिथल्या तिथे. तिने फी परत मागितली, मी दिली. चूक तिची नव्हतीच. या व्यायामाने घाम येतो, दम येतो, पण पळण्याइतक्या कॅलरी जळत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारं काही करायला सांगते. त्यातलं सगळं माझ्या स्टुलावर होत नाही. आता नवीन माणसाला मी पहिल्याच दिवशी सांगते, तलावपाळीला किंवा उपवनला भरभर चालायला जा, आणि शिवाय इकडे या. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "मग इकडे कशाला येऊ?" मी म्हटलं, चालून कंटाळाल तेव्हा या. ते तीन वर्षं येत आहेत.

त्या अकराजणींतल्या चार टिकल्या. त्या का टिकल्या हे समजायला मला फार उशीर लागला. त्यांतल्या कुणालाही पोट कमी करायचं नव्हतं असं नाही. पण एक सेवानिवृत्त शिक्षिका एकदा घुसळण करताना खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, "अहो, ही तर बसून खेळलेली फुगडी!" त्यानंतर तो वर्ग बदललाच. श्रावणात मंगळागौरीला झिम्मा, पिंगा, लाटणं, कोंबडा असे किती खेळ बायका रात्र जागवून खेळतात. त्यात वाकणं, पिळणं, गिरकी, बसून उड्या सगळं आहे, आणि त्याला कुणी व्यायाम म्हणत नाही म्हणूनच पहाटेपर्यंत चालतं. मी पत्रकं छापणं बंद केलं. त्या ऐवजी पहिला तास फुकट ठेवला. आमच्याकडे आजवर आलेली बहुतेक माणसं कुणाच्या तरी बहिणीची जाऊ किंवा शेजारच्याची सासू अशीच आली आहेत.

फायद्याचं विचाराल तर मला जे रोज दिसतं तेवढंच सांगते. आपल्या कण्यात मानेपासून कमरेपर्यंत २४ सुटे मणके आहेत. पीळ घ्यायची खरी सोय छातीमागच्या भागात, कमरेचे मणके फारच थोडे वळतात. पण दिवसभर संगणकापुढे बसून तो मधला भाग लाकूड होतो आणि वळायची सगळी जबाबदारी बिचाऱ्या कमरेवर येते. मधला भाग सुटला की रिक्षा मागे घेताना मान वळवणं, कपाटातला वरचा डबा काढणं असल्या गोष्टी सोप्या होतात. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो, आजूबाजूने झिरपेल त्यावर त्या जगतात. त्यांना हालचाल हवी असते, असं माझ्या फिजिओथेरपीच्या बाईंनीच समजावलं होतं. झोप सुधारली असं बरेच जण म्हणतात, ते ऐकून घेते. पायात मुंग्या येतात, बधिरपणा आहे, लघवीवर ताबा जातो असं कुणी सांगितलं तर मात्र मी स्टूल देत नाही, तडक डॉक्टरांकडे पाठवते. यावरून दोन गिऱ्हाइकं रागावली आहेत.

२०१८ ला घोडबंदर रोडला दुसरी शाखा काढली. त्याबद्दल फार लिहीत नाही. मोठं डिपॉझिट, आरशांची भिंत, मेट्रोच्या कामामुळे सातची बॅच साडेसातला जमायची आणि आठला लोक निघायला बघायचे. पंधरा महिन्यांत बंद केली. आरसे विकले. खरं तर बरंच झालं, कारण आरसा असला की माणूस स्वतःचं पोटच बघत बसतो.

मग २०२० चा मार्च. हॉल बंद, आठही स्टुलं सोसायटीच्या जिन्याखाली. फोनवर वर्ग सुरू केला. कुणी स्वयंपाकघरातलं प्लॅस्टिकचं स्टूल, कुणी पाटावर पाट, एका काकांनी तांदळाचा डबा उलटा घातला. तो घुसळण करताना निसटला, पण काकांना काही झालं नाही. फोनच्या एवढ्याशा खिडक्यांमधून सगळ्यांच्या पाठी एका लाटेत वर-खाली व्हायच्या. मागे कुकरच्या शिट्ट्या. ती फी मी निम्मी घेतली. तरी त्याच काळात माणसं वाढली, पुण्याच्या, नाशिकच्या, एक बाई तर मस्कतहून.

२०२२ ला नौपाड्यात स्वतःची भाड्याची जागा घेतली आणि जायरोटॉनिकचं यंत्र मागवायचं ठरवलं. तत्त्व जायरोकिनेसिसचंच, पण इथे दोऱ्या, कप्प्या आणि वजनं असतात. बाकावर बसलं की समोर दोन फिरत्या तबकड्या, त्यांना दांडे. किंमत, जहाजभाडं, आयात शुल्क धरून आकडा लाखांत गेला. कर्जासाठी मुद्रा योजनेच्या 'किशोर' गटात अर्ज केला, त्यात पाच लाखांपर्यंत मिळतं. बँकेतल्या साहेबांनी यंत्राचा फोटो आडवा-उभा करून बघितला आणि विचारलं, "हे लूम आहे का?" तीन हेलपाटे झाले. तिसऱ्या खेपेला मी त्यांच्याच खुर्चीशेजारी उभी राहून त्यांना कमान आणि गाठोडं करून दाखवलं. त्यावरून कर्ज मिळालं असं म्हणणार नाही, कागद पूर्ण होते. पण त्यांच्या मिसेस आता मंगळवारी येतात.

यंत्र लागलं त्या दिवशी सकाळच्या बॅचमधल्या सर्वांत वयस्क आजी, ऐंशीच्या पुढच्या, मूळच्या चिपळूणकडच्या, त्यावर बसल्या. मी दांडे हातात दिले, दोन्ही हात गोल फिरवायला सांगितले. आजींनी एक फेरा केला, दुसरा केला, थांबून माझ्याकडे वळल्या. "अगं, हे जातं आहे." आणि धडासकट असं काही फिरायला लागल्या की मी शिकवायला पुढे केलेला हात मागे घेतला. पुढे झुकताना श्वास सोडणं, मागे येताना घेणं, सगळं आपोआप. पाचव्या-सहाव्या फेऱ्याला त्या ओवी गुणगुणू लागल्या. बॅचमधल्या बाकीच्या बायका स्टुलांवरच गप्प बसून ऐकत राहिल्या. आमच्याकडे त्या यंत्राचं नाव तेव्हापासून जातंच. फीच्या पावतीवरही 'जातं, ४ तास' असंच लिहितो.

आज आम्ही तिघी शिकवतो, आठवड्याला एकोणीस बॅच, त्यांतल्या दोन पुरुषांच्या. कर्जाचे अकरा हप्ते राहिले आहेत. मागच्या महिन्यात कळव्याच्या सुताराला आणखी सहा स्टुलं सांगितली. आधीच्या स्टुलांवर आजींचे पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून एक इंच कमी कर म्हटलं. तो माप घ्यायला आला तेव्हा सकाळची बॅच चालू होती. दाराशी बराच वेळ टेप हातात धरून उभा होता. निघताना म्हणाला, "सात स्टुलं करतो ताई. रविवारची बॅच किती वाजता असते?"