न पाहता गाडी कशी घ्यायची? तुम्ही विचारलंत म्हणून

परदेशातल्या अनोळखी माणसाकडून, वस्तूला हात न लावता, केवळ छायाचित्रांच्या भरवशावर तुम्ही छोट्या मॉडेल रेल्वेगाड्या लिलावात घेता. मग तुमची फसवणूक होत नाही का, हा प्रश्न मला नागपुरात इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहिलेले बरे. हा छंद जपणाऱ्याला आपल्या शहरात दुकान नाही. ऑनलाइन लिलाव चालवणाऱ्या ईबेचे भारतातील संकेतस्थळही २०१८ मध्ये बंद झाले. त्यामुळे जुने इंजिन हवे असेल तर इंग्लंड, जर्मनी किंवा अमेरिकेतल्या विक्रेत्यांच्या लिलावातच बोली लावावी लागते, आणि इतवारीतल्या दुकानात जशी वस्तू उलटीपालटी करून, दुकानदाराशी चार शब्द बोलून घेता येते, तशी सोय तिथे नसते.

उत्तर असे, की धादांत खोटे लिहिणारा विक्रेता क्वचितच भेटतो. बहुतेक लिस्टिंगमधला (म्हणजे विक्रेत्याने संकेतस्थळावर टाकलेल्या वर्णनातला) शब्द न् शब्द खरा असतो आणि तरीही ते लिस्टिंग दिशाभूल करते, कारण ज्या एका गोष्टीमुळे वस्तूची किंमत निम्म्यावर येईल ती त्यात लिहिलेलीच नसते. म्हणून लिस्टिंग वाचताना काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहायचे राहिले आहे याकडे मी अधिक लक्ष देतो आणि ती राहिलेली गोष्ट विक्रेत्याकडून लेखी काढून घेतो. बाकीची सारी खबरदारी यातूनच निघते.

सर्वात आधी ‘अनटेस्टेड’ या शब्दाविषयी. याचा सरळ अर्थ ‘चालवून पाहिलेले नाही’ असा होतो, आणि एखाद्याला वारशात आजोबांची पेटी मिळाली असेल व घरात रूळ-ट्रान्सफॉर्मर काहीच नसेल तर तो प्रामाणिकपणेही वापरला जातो. परंतु तोच विक्रेता त्याच आठवड्यात आणखी पंचवीस इंजिने विकत असेल, त्यातल्या काहींपुढे ‘उत्तम धावते’ असे लिहीत असेल आणि नेमके आपल्याला हवे असलेले इंजिनच ‘अनटेस्टेड’ असेल, तर त्याच्याकडे ते तपासण्याचे साधन आहे हे उघड आहे. अशा एका इंग्लिश विक्रेत्याला मी इतकेच विचारले होते की इंजिनाला १२ व्होल्ट डीसी दिल्यावर काय होते. उत्तर तासाभरात आले: मोटर फिरते, चाके फिरत नाहीत. म्हणजे इंजिन तपासलेले होते, गिअर निकामी होता आणि हे त्याला ठाऊक होते. त्याला मी खोटारडा म्हणणार नाही. विचारल्यावर त्याने खरे सांगितले. मी बोली लावली नाही.

‘चालते’ या शब्दातही असाच फरक दडलेला असतो. इंजिन हातात उलटे धरून चाकांना बॅटरीच्या तारा टेकवल्या की चाके फिरतात, आणि विक्रेता निश्चिंत मनाने ‘वर्किंग’ असे लिहितो. रुळावर स्वतःच्या वजनासह, दोन्ही दिशांना, हळू वेगात आणि मागे चार डबे ओढत ते धावते का, हा प्रश्न वेगळा आहे. मी नेहमी छोटी चित्रफीत मागतो आणि तीही सावकाश चालवलेली, कारण भरधाव वेगात प्रत्येक इंजिन चांगलेच दिसते. अडखळणे, डुलणे आणि गिअरचा करकर आवाज मंद गतीतच कळतो.

आता मापांचा विषय, ज्यात नागपूरकरांची विशेष गफलत होते. मोतीबागेतल्या नॅरोगेज संग्रहालयात (ते २००२ मध्ये सुरू झाले) इंजिने पाहून आलेल्या तरुणाला सातपुड्यातल्या गाडीचे मॉडेल करावेसे वाटते. नागपूर-छिंदवाडा ही नॅरोगेज २०१५ मध्ये बंद झाली, तेव्हा ती गाडी आता टेबलावरच पाहायला मिळायची, हेही खरे. मूळ रूळ ७६२ मिलिमीटरचे. १:८७ या एचओ प्रमाणात ते सुमारे पावणेनऊ मिलिमीटर होतात, म्हणून त्यासाठी ९ मिलिमीटरचे रूळ वापरतात. आणि एन नावाच्या, साधारण १:१६० प्रमाणाच्या मॉडेलांचे रूळही ९ मिलिमीटरचेच असतात. विक्रेता रुळांची रुंदी मोजतो, ‘एन गेज’ असे लिहितो, आणि त्याचे मोजमाप चुकलेले नसते. मात्र एक गाडी दुसरीच्या जवळपास दुप्पट मोठी असते. आपल्या ब्रॉडगेजची अडचण याच्या उलट आहे. १,६७६ मिलिमीटरला ८७ ने भागले तर १९.३ मिलिमीटर येतात, पण जी भारतीय मॉडेले विकली जातात ती बहुधा १६.५ मिलिमीटरच्या रुळांवरच उभी असतात. ही तडजोड सर्वांनी मान्य केलेली आहे, तिला फसवणूक म्हणता येणार नाही. ‘अगदी हुबेहूब’ असा दावा कुणी करत असेल तेवढा सोडून द्यावा.

याच १६.५ मिलिमीटरमुळे ‘एचओ/ओओ’ असे जोडनाव शीर्षकात दिसते. ब्रिटिश ओओ मॉडेल १:७६ चे असते आणि युरोपीय-अमेरिकी एचओ १:८७ चे, पण दोन्ही एकाच रुळावर धावतात. वीस मीटरचा डबा एचओमध्ये सुमारे २३० मिलिमीटर भरतो आणि ओओमध्ये सुमारे २६३. दोन्ही एकामागे एक जोडले की छपरांची पातळी चुकते आणि डोळ्यांना सतत खुपते. म्हणून मी प्रमाणाचे नाव विचारत बसत नाही. डबा टोकापासून टोकापर्यंत किती मिलिमीटर आहे ते मोजून कळवा, असे लिहितो. मोजपट्टी प्रत्येकाच्या घरी असते.

त्याहून महाग पडणारी गोष्ट इंजिनाच्या पोटाखाली असते. प्रतापनगरातल्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मला मॅर्कलिन या जर्मन कंपनीच्या एका देखण्या इंजिनाचे लिस्टिंग दाखवले. एचओ प्रमाण, सुस्थिती, ‘उत्तम धावते’. एकही शब्द खोटा नव्हता. पाच छायाचित्रे होती, चार बाजूंची आणि एक खोक्याचे. खालची बाजू एकाही चित्रात नव्हती. मॅर्कलिनची एचओ इंजिने परंपरेने तीन वाहकांच्या पद्धतीची असतात: दोन्ही रूळ एकाच तारेचे काम करतात आणि दुसरी जोडणी रुळांच्या मधोमध असलेल्या बारीक खिळ्यांवरून, इंजिनाखालच्या लांबट पट्टीमार्फत होते. अशा इंजिनाची चाके एकमेकांपासून विद्युतरोधित नसतात. त्या मुलाच्या घरी साधे दोन रुळांचे डीसी वर्तुळ होते. त्यावर हे इंजिन ठेवताक्षणी शॉर्ट झाले असते. पोटाचे छायाचित्र मागितले, पट्टी दिसली, प्रश्न मिटला. ब्रिटिश हॉर्नबी डब्लोची जुनी इंजिनेही तीन रुळांची आहेत. १९३८ मध्ये सुरू झालेल्या या मालिकेत दोन रुळांची पद्धत १९५९ मध्ये आली. तेव्हा ‘डब्लो’ एवढ्यावर भागत नाही, इंजिन उलटे करून दाखवायला सांगावेच लागते.

पोटाचे छायाचित्र मागण्याचे आणखी एक कारण आहे. ओतीव भागांसाठी वापरल्या जाणाऱ्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारख्या धातूंची भेसळ राहिली, तर कित्येक वर्षांनी तो धातू आतून फुगू लागतो, त्यावर केसासारख्या भेगा पडतात आणि शेवटी चासी (इंजिनाचा खालचा सांगाडा) हातात तुकडे होऊन येते. छंदवाले याला ‘झिंक पेस्ट’ (इथे पेस्ट म्हणजे कीड) किंवा ‘मझॅक रॉट’ म्हणतात. हा रोग थांबवता येत नाही, आणि उष्ण-दमट हवेत तो वेगाने वाढतो, त्यामुळे आपला पावसाळा त्याला मानवतो. महायुद्धापूर्वीच्या मॉडेलांत तो प्रसिद्ध आहे, पण या शतकात तयार झालेल्या काही मॉडेलांतही तो निघाला आहे. तेव्हा खोके नवे दिसले म्हणून निर्धास्त होऊ नये. छायाचित्रात मी इंजिनाच्या कडेची सरळ रेघ पाहतो. चासी मध्यभागी किंचित वर उचललेली, बॉडी एका टोकाला नीट न बसलेली, टोकाचे धक्के झेलणारे बफर खाली झुकलेले, असे काही दिसले तर छायाचित्र मोठे करून भेगा शोधतो. विक्रेत्याने नेमके तेच टोक सावलीत ठेवले असेल तर दिवसाच्या उजेडातले दुसरे छायाचित्र मागतो. ते आले नाही तर माझे उत्तर मला मिळालेले असते.

‘ट्रान्सफॉर्मरसह संपूर्ण संच, चालू स्थितीत’ हे वाक्य अमेरिकेत किंवा जपानमध्ये शंभर टक्के खरे असते. अमेरिकेत घरगुती वीज १२० व्होल्टची आणि जपानमध्ये १०० ची. आपल्या २३० व्होल्टच्या प्लगात तो ट्रान्सफॉर्मर घातला की जळणार. इंग्लंड-जर्मनीचा चालतो, पण फार जुना असेल तर त्याच्या तारांवरचे रबर तडकलेले असते. मी परदेशी ट्रान्सफॉर्मरची किंमत शून्य धरूनच बोली ठरवतो आणि टपालखर्च वाचावा म्हणून तो पाठवूच नका असे कळवतो.

‘डीसीसी रेडी’ म्हणजे डिजिटल डीकोडर (रुळांतून येणारे संकेत ओळखून इंजिन चालवणारा छोटा सर्किट) बसवण्यासाठी फक्त सॉकेट आहे. डीकोडर वेगळा विकत घ्यावा लागतो. ‘बॉक्स्ड’ म्हणजे खोके आहे. ते त्याच इंजिनाचे आहे असे नाही, आणि जुन्या खोक्यांच्या नव्या प्रतिकृती उघडपणे विकल्या जातात. खोक्याच्या टोकावरचा क्रमांक आणि इंजिनाचा क्रमांक एकाच छायाचित्रात मागावा. ‘रेअर’ या शब्दाला मी काहीच किंमत देत नाही.

किमतीबाबत मागितलेले आकडे पाहू नयेत. विकल्या गेलेल्या वस्तूंचे आकडे पाहावेत; ईबेवर साधारण मागच्या ९० दिवसांतले व्यवहार तसे गाळून पाहता येतात, आणि ‘दुर्मीळ’ म्हणवले जाणारे इंजिन त्यात अनेकदा ओळीने विकले गेलेले आढळते. बोली वाढवण्यासाठी विक्रेत्याचाच माणूस बसवणे नियमबाह्य आहे, तरी घडते. बोलींचा इतिहास उघडून पाहिला, आणि कुणी एकजण आपल्या कमाल बोलीचा ठाव घेत लहान लहान पायऱ्यांनी चढतो आहे, त्याच्या बोली मुख्यतः याच एका विक्रेत्याच्या वस्तूंवर आहेत, असे दिसले तर मी बाजूला होतो. आपण हरल्यावर दोन दिवसांनी ‘आधीच्या ग्राहकाने माघार घेतली, तुमच्या कमाल किमतीला घेता का’ अशी विचारणा आली तर शंका आणखी बळावते. माझी कमाल रक्कम मी आधी कागदावर लिहितो आणि शेवटच्या मिनिटात एकदाच भरतो.

त्या रकमेत सीमाशुल्क धरलेले असते, आणि इथे दिशाभूल सहसा सद्भावनेतून होते. ‘काळजी नको, मी पार्सलवर गिफ्ट असे लिहितो’ असे सांगणारे भले विक्रेते मला बरेच भेटले. भारतात टपालाने येणाऱ्या भेटवस्तूंना ५,००० रुपयांपर्यंत असलेली सूट डिसेंबर २०१९ मध्ये काढून घेतली गेली, तेव्हा त्या शब्दाने काही साधत नाही. छोट्या प्रमाणाची मॉडेले सीमाशुल्काच्या वर्गीकरणात खेळण्यांबरोबर ९५०३ या शीर्षाखाली येतात, आणि खेळण्यांवरचा मूळ दर २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के, तर २०२३ मध्ये ७० टक्के झाला होता; बोली लावण्याच्या दिवशी कोणता दर लागू आहे तो पाहूनच आकडा ठरवावा. शुल्क टपालखर्च धरून आकारले जाते. किंमत कमी दाखवायलाही मी नकार देतो, कारण पार्सल हरवले तर विमा जाहीर केलेल्या किमतीचाच मिळतो.

हे सारे प्रश्न संकेतस्थळाच्या संदेशपेटीतूनच विचारावेत. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फोनवर नाही. ‘परतावा नाही’ असे लिस्टिंगमध्ये लिहिलेले असले तरी वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ईबेच्या हमीखाली ती मिळाल्यापासून ३० दिवसांत तक्रार करता येते, आणि विक्रेत्याने संदेशात लिहिलेले ‘दोन्ही दिशांना धावते’ हे वाक्य तेव्हा पुराव्यासारखे वापरता येते. ‘अनटेस्टेड’ म्हणून घेतलेले इंजिन चालले नाही, तर मात्र तक्रारीला आधारच उरत नाही, कारण वर्णन तंतोतंत खरे ठरलेले असते. पोस्टमनने पार्सल दिले की मी ते मोबाइलचा कॅमेरा चालू ठेवून उघडतो, पोटाची बाजू आणि क्रमांक चित्रफितीत येईल असे धरतो, आणि त्याच संध्याकाळी रुळावर चालवून पाहतो. तक्रार मान्य झाली तर वस्तू परत पाठवण्याचा खर्च विक्रेत्याकडे जातो. इथे भरलेले सीमाशुल्क मात्र त्याच्याकडून सहसा परत मिळत नाही.