ब्रिस्टलचं जॉर्जियन हाउस: आधी तळघर

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या पार्क स्ट्रीटवरून ग्रेट जॉर्ज स्ट्रीटला वळलं की चढावर सात नंबरचं घर लागतं. १७९० च्या सुमारास जॉन पिनी या साखरवाल्याने बांधून घेतलेलं हे घर आता शहराचं संग्रहालय आहे. चार मजले, बघायला अकरा खोल्या. जिने बरेच आहेत, आणि हिवाळ्यात काही महिने घर बंद असतं, तेव्हा वेळा बघूनच जा.

लोक सरळ दिवाणखान्यात शिरतात. तसं करू नका, आधी तळघरात उतरा. तिथे स्वयंपाकघर आहे आणि मालकाला बुडी मारायला थंड पाण्याचा चांगला खोल हौद. गार पाण्यात बुडी मारणं तेव्हा प्रकृतीला फार चांगलं मानत.

वर आल्यावर खिडक्या नीट बघा. वर-खाली सरकणाऱ्या या खिडक्यांच्या चौकटीच्या दोन्ही बाजू आतून पोकळ असतात. त्या पोकळीत दोरीला टांगलेली लोखंडी किंवा शिशाची वजनं असतात आणि दोरी वर कप्पीवरून फिरून तावदानाला बांधलेली असते. वरच्या तावदानाला जोडलेलं वजन तावदानापेक्षा किंचित जड ठेवायचं, म्हणजे तावदान वरच राहतं. खालच्याला जोडलेलं किंचित हलकं, म्हणजे ते तावदान खाली टेकून राहतं. अशा खिडक्या अडकतात त्या बहुधा रंगामुळे: थरावर थर चढतात आणि फट बुजते. त्यात जाड काच बसवली तर तोलच जातो. मग दोरी बदलून काही होत नाही, वजनंच बदलावी लागतात.

अशा घरांत अंधार फार, ही नेहमीची तक्रार. पण जुनं कापड आणि जलरंगातली चित्रं उजेडाने विटतात, आणि विटलेला रंग परत येत नाही. म्हणून त्यांच्यावर साधारण ५० लक्सच (लक्स हे उजेड मोजायचं एकक) उजेड ठेवतात. डोळ्यांना दोन मिनिटं द्या, दिसायला लागतं.

पिनीचा पैसा आला कॅरिबियन समुद्रातल्या नेव्हिस बेटावरच्या उसाच्या मळ्यातून, तिथल्या गुलामांच्या कष्टांवर. पेरो जोन्स या गुलाम मुलाला पिनीने १७६५ मध्ये विकत घेतलं, तेव्हा तो बारा वर्षांचा होता. सोबत त्याच्या दोन धाकट्या बहिणीही. १७८३ मध्ये पिनीने त्याला नोकर म्हणून ब्रिस्टलला आणलं. १७९८ मध्ये तो वारला. घरातली त्याच्याविषयीची मांडणी मला तोकडीच वाटते. उतारावरून बंदराकडे गेलात की त्याच्या नावाचा, १९९९ मध्ये खुला झालेला पादचारी पूल लागतो. त्यावरची दोन भलीमोठी शिंगं शोभेची नाहीत. बोटींसाठी मधला भाग उचलताना तोल सांभाळणारी ती वजनं आहेत.