खोक्यात न मावणारे झाड

नाताळचे झाड सजवण्याविषयी सगळे भरभरून बोलतात. ते उतरवण्याविषयी मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. झाड सजवतानाचे आमचे फोटो शोधायला बसलो तर ढिगाने निघतील, आणि त्या प्रत्येकात आम्ही पाचही जण शहाणी, प्रेमळ आणि इस्त्रीचे कपडे घातलेली माणसे दिसतो. उतरवतानाचा फोटो एकही नाही. आमचे कुटुंब खरोखर कसे आहे हे कोणाला जाणून घ्यायचे असेल तर त्याने त्या न काढलेल्या फोटोंची कल्पना करावी, कारण सजवताना प्रत्येकाच्या डोक्यात पाहुण्यांचा विचार असतो आणि उतरवताना बघायला कोणीच नसते. माझ्या मते वर्षातली सर्वांत विनोदी दुपार तीच असते, जरी त्या दुपारी ते कोणालाही कबूल नसते.

पहिला वाद तारखेचा. आईचा हिशेब पक्का आहे: नाताळचे दिवस बारा, 6 जानेवारीला प्रभूच्या प्रकटीकरणाचा सण, तोपर्यंत झाडाला हात लावायचा नाही आणि त्यानंतर ते एक दिवसही ठेवायचे नाही. थोरली मुलगी आठवीत गेल्यापासून तिला या हिशेबात चूक दिसू लागली आहे, कारण 25 डिसेंबर हा पहिला दिवस धरला तर बारावा दिवस 5 जानेवारीला संपतो, आणि 26 पासून मोजले तरच 6 तारीख येते. हा घोळ केवळ आमच्या घरातला नाही. बारावी रात्र नेमकी कोणती यावर दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक आजही आहेत. मी स्वतः 2 फेब्रुवारीच्या पक्षाचा आहे. बाळ येशूला मंदिरात अर्पण केल्याचा तो सण, नाताळपासून चाळिसावा दिवस, आणि पूर्वी कित्येक ठिकाणी सजावट तोपर्यंत ठेवली जात असे. हे मत मी दरवर्षी परंपरेचा आधार देऊन अतिशय गंभीरपणे मांडतो, आणि पत्नी तितक्याच गंभीरपणे विचारते, "अहो, हे तुम्हाला पटलंय म्हणून सांगताय, की आज सुट्टी आहे म्हणून?"

आमचे झाड कृत्रिम आहे; पीव्हीसीच्या पानांचे, लोखंडी खोडाचे, तीन तुकड्यांत सुटणारे. ते एका पुठ्ठ्याच्या खोक्यातून आले ही गोष्ट निर्विवाद आहे, परंतु ते पुन्हा त्याच खोक्यात मावते हे कारखान्याच्या दाराबाहेर अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. खोक्यावर एक हसरे कुटुंब छापलेले आहे. त्यांनी झाड नुकतेच उभे केलेले आहे, त्यामुळे त्यांचे हसणे समजण्यासारखे आहे.

या खोक्याचे झाकण ही आमच्या घरातली सर्वांत प्रामाणिक वही आहे. पहिल्या वर्षी पत्नीने त्यावर मार्करने सुवाच्य अक्षरांत लिहिले होते, "स्टँडचे स्क्रू लाल पाकिटात आहेत." पुढच्या वर्षी त्याखाली मी लिहिले, "लाल पाकीट सापडले नाही." तिसऱ्या वर्षी मुलीने खुलासा केला, "लाल पाकीट म्हणजे निळी पिशवी." त्याच्या बाजूला धाकट्याने डायनासोर काढला असून डायनासोरच्या तोंडात स्क्रू आहे. आईने एका कोपऱ्यात केवळ "सावकाश" एवढेच लिहिले आहे. ते कोणासाठी आहे हे तिने लिहिलेले नाही, पण तसा प्रश्नही कोणाला पडत नाही. गेल्या डिसेंबरात हे खोके उघडले तेव्हा सर्वांत वर आमची मोठी कात्री निघाली. ती जानेवारीपासून हरवलेली होती. तिच्यावरून घरात चौकशा झाल्या होत्या, माझ्यावर संशय घेतला गेला होता, आणि शेवटी नवी कात्री आणली गेली होती. त्या दिवशी सर्वांनी एकमुखाने ठरवले की असे पुन्हा होऊ द्यायचे नाही.

उतरवण्याच्या दिवशी प्रत्येकाचा मूळ स्वभाव वर येतो. पत्नीला वेळेचा हिशेब असतो आणि दोन तासांत सगळे आवरेल असे ती दरवर्षी म्हणते. मुलगी वहीत यादी करते: काचेचे गोळे किती, लाकडी घंटा किती, तुटलेले काय. धाकट्याचे म्हणणे असे की झाड आडवे करून हलवले तर सगळे आपोआप खाली पडेल, आणि ही पद्धत वेगवान आहे हे मान्य करावेच लागते. आई खुर्चीवर बसून एकेक गोळा जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळते, परंतु गुंडाळण्याआधी ते पान वाचते. पाहता पाहता चार गोळ्यांमागे अर्धा तास जातो, आणि मधूनच "अरे, हे वाचलंस का?" असा प्रश्न येतो, जो मागच्या मार्च महिन्यातल्या एखाद्या बातमीविषयी असतो. एकदा तिने गुंडाळलेला गोळा पुन्हा सोडला, कारण लेखाचा उरलेला भाग त्या गोळ्याच्या दुसऱ्या बाजूला गेला होता.

मला दिव्यांच्या माळा मिळतात. हे काम मला कौशल्यामुळे मिळालेले नसून, बाकीच्यांनी नाकारल्यामुळे मिळालेले आहे. दिवे सर्वांत आधी लावले जातात, म्हणून ते सर्वांत शेवटी निघतात, आणि तोपर्यंत घरातल्या सगळ्यांचा संयम संपलेला असतो. माळ खोडाभोवती ज्या दिशेने गुंडाळली त्याच्या उलट दिशेने फिरत ती सोडवावी लागते, म्हणजे मी झाडाभोवती प्रदक्षिणा घालतो आणि धाकटा माझ्यामागून प्रदक्षिणा घालतो, फक्त उलट दिशेने. तिसऱ्या फेरीत आम्ही दोघेही माळेच्या आत असतो.

या गुंत्याला शास्त्राचा आधार आहे हे कळल्यापासून माझी बाजू थोडी मजबूत झाली आहे. डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ या दोन संशोधकांनी पेटीत दोरी टाकून ती पेटी गोल फिरवण्याचा प्रयोग हजारो वेळा केला आणि 2007 मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दोरी सुमारे 46 सेंटिमीटरपेक्षा आखूड असेल तर तिला गाठ पडत नाही. लांबी वाढली की गाठींची शक्यता भराभर वाढते, आणि सुमारे दीड मीटरनंतर जवळजवळ निम्म्या वेळा काही सेकंदांतच गाठ पडते. या कामाला 2008 चे भौतिकशास्त्राचे इग नोबेल पारितोषिक मिळाले. लोकांना आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. आमची माळ दहा मीटरची आहे आणि तिला ठिकठिकाणी बल्बही आहेत, जे त्या दोरीला नव्हते. हे सगळे मी घरच्यांना समजावून सांगितले तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, मग 46 सेंटिमीटरच्या माळा आणू या." यावर माझ्याकडे अजूनही उत्तर नाही.

माळ उतरवताना ती पेटलेली ठेवावी की बंद करावी हाही एक मतभेद आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने प्लग काढून ठेवणेच योग्य, आणि आम्ही तो काढतोच. पण त्यामुळे ओढाताणीत एखादा बल्ब सैल झाला तर ते पुढच्या डिसेंबरपर्यंत कळत नाही. जुन्या पद्धतीच्या माळांत बल्ब एकामागोमाग एका सरळ जोडणीत असतात. एखाद्याची तार जळाली तर त्याच्या आत बसवलेली एक बारीक पर्यायी तार वीज पुढे नेते आणि बाकीचे बल्ब चालू राहतात. पण बल्बच खोबणीतून निसटला तर वाट तिथेच तुटते आणि सगळी माळ अंधारते. म्हणजे जळालेला बल्ब माफ, सैल झालेला नाही. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने 1882 मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी झाडावर विजेचे 80 दिवे लावले, लाल, पांढरे आणि निळे, आणि ते झाड विजेवर गोल फिरतही होते. ते पाहायला बातमीदार आला होता. दिवे काढताना कोणी बातमीदार हजर असल्याचे माझ्या वाचनात नाही.

चंदेरी झिरमिळ्यांविषयी फार बोलण्यासारखे नाही. त्या प्लास्टिकच्या असतात, घर्षणाने त्यांच्यात स्थिर विद्युत साठते, आणि झाडावरून निघून त्या माझ्या स्वेटरवर येतात. मी एप्रिलपर्यंत थोडाथोडा चमकत असतो.

खरी वाटाघाट होते ती तिसऱ्या डोळ्याच्या देवदूतावरून. मुलगी बालवाडीत असताना तिने पुठ्ठ्याचा एक देवदूत केला होता. त्याचे पंख कापसाचे होते, त्यांपैकी एक आता उरला आहे. चेहऱ्यावर दोन डोळे आणि कपाळावर शाईचा एक ठिपका आहे, ज्याला आम्ही सुरुवातीपासून तिसरा डोळा म्हणत आलो आहोत. मुलीला आता या देवदूताची लाज वाटते. यादीत ती त्याच्यासमोर दरवर्षी "बाद" असे लिहिते आणि त्याला कचऱ्याच्या पिशवीत टाकते. आई काही बोलत नाही. ती पाणी प्यायला उठते, जाताना पिशवीजवळ थोडी वाकते, आणि परत येऊन पुन्हा वर्तमानपत्र वाचू लागते. पुढच्या डिसेंबरात देवदूत एखाद्या गोळ्याच्या कागदातून बाहेर येतो, मुलगी "हा परत कसा आला?" असे ओरडते, आणि धाकटा दबक्या आवाजात सांगतो की देवदूत मरत नसतात. यंदा मुलीने देवदूत पिशवीत टाकला तो सर्वांत वर, नीट सरळ ठेवून, आणि स्वतः मुद्दाम खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. आईला फारसे वाकावे लागले नाही.

मग खोके. फांद्या बिजागरीवर वर मिटतात, प्रत्येक फांदीची टोके हाताने दाबून सपाट करायची असतात, आणि असे तिन्ही तुकडे सुतळीने आवळून आत ठेवायचे असतात. पहिले दोन तुकडे सज्जनासारखे गेले. तिसरा गेला तेव्हा झाकणाच्या दोन पाख्यांमध्ये वीतभर अंतर उरले आणि त्यातून हिरव्या फांद्या बाहेर डोकावू लागल्या. मी झाकणावर गुडघा ठेवला. पत्नीने दुसऱ्या बाजूने भार दिला. धाकट्याला उचलून मधोमध बसवण्यात आले, आणि वजनामुळे आपल्याला मान मिळाल्याचा हा पहिलाच प्रसंग असल्याने तो अत्यंत स्थिर बसला. मुलगी चिकटपट्टी घेऊन खोक्याभोवती धावत होती. आई लांबून "सावकाश" म्हणाली. आतून कसला तरी कट्ट असा आवाज आला, आणि आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहून तो न ऐकल्याचे ठरवले.

चिकटपट्टीचे पाच वेढे झाल्यावर तिचे टोक कापायची वेळ आली.

"कात्री दे गं," मी मुलीला म्हणालो.

"ती तुझ्याकडे होती ना? सुतळी कापायला घेतली होतीस."

घेतली होती, आणि ती मी दुसऱ्या तुकड्याच्या फांद्यांवर ठेवली होती, अगदी एका मिनिटासाठी. मी काही न बोलता पत्नीकडे पाहिले. "जुनी आहे की," ती म्हणाली, आणि लगेच थांबली, कारण जुनी कात्री तिने स्वतः दिव्यांच्या माळेच्या पुठ्ठ्याला खाच पाडायला घेतली होती आणि तो पुठ्ठा खोक्याच्या तळाशी होता. थोडा वेळ कोणी बोलले नाही. झाकणावर बसलेल्या धाकट्याने विचारले की आता आपण खोके उघडणार का. पाचही वेढे, वीतभर फुगलेले पुठ्ठे आणि घामेजलेले आईवडील यांच्याकडे पाहून प्रश्नाचे उत्तर त्याला मिळाले असावे. चिकटपट्टी मी दातांनी तोडली.

मग त्याने मार्कर मागून घेतला, जीभ किंचित बाहेर काढून, डायनासोरच्या शेजारी उरलेल्या जागेत अक्षर अक्षर जोडत लिहिले, "दोन्ही कात्र्या आत आहेत," आणि मुलीने खाली वाकून ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतले.