कर्लीच्या खाडीत मासेमार मांजर दाखवतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका

मालवणजवळच्या देवबागला 'फिशिंग कॅट नाईट सफारी'चे माझ्याकडून साडेचार हजार घेतले. कांदळवनाच्या कडेला होडी लावून होडीवाला म्हणाला, "हो बघा सायब, मांजराचो पाय." मी टॉर्च मारून वाकलो. पाच बोटं, त्यांच्यामध्ये पडद्याची पुसट खूण, शेजारी खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे असलेली विष्ठा. ठसा उदाचा, म्हणजे ऑटरचा होता. मांजराची चारच बोटं उमटतात, हे त्याला नक्की माहीत असणार.

मासेमार मांजर (फिशिंग कॅट), म्हणजे पाणथळीत मासे धरणारी जंगली मांजर, सुंदरबनात आहे, आंध्रातल्या कोरिंगात आहे. ओडिशातल्या चिलिका सरोवरात 2022 च्या गणनेत 176 निघाली. कोकण किनाऱ्यावर तिची एकही खात्रीची नोंद नाही. ज्या प्राण्याची पाणथळ जागा देशभर भरावाखाली जातेय, त्याच्या नावावर थापा मारून पैसे काढणं मला सहन होत नाही. शिवाय या मोटारबोटींच्या उजेडाने आणि घरघरीने इथले खरे ऊद बिळं सोडतील.

दुसऱ्या दिवशी एकटाच चालत आत गेलो. तिवरांच्या मागचा पट्टा जेमतेम दोनशे मीटर, पण 1999 ला द्रासच्या चढणीवरही माझा इतका दम निघाला नव्हता. चिखल मांडीपर्यंत, आणि वर कालवांची धार. गमबूट घालून जाऊ नका, पाय वर येतो आणि बूट आतच राहतो. घट्ट नाडीचे कॅनव्हासचे बूट हवेत. रुतलात तर पाय सरळ उपसू नका. मागे रेला, वजन पाठीवर घ्या, घोटा गोल फिरवत सोडवा. सुकती (ओहोटी) लागल्यावर आत शिरा आणि भरती सुरू व्हायच्या आधी बाहेर पडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात जाऊच नका, पाणी मागच्या वहाळातून येऊन वाट बंद करतं.

त्या पट्ट्यापलीकडे खाजणाच्या बांधावर बाऊल, म्हणजे रानमांजर दिसला! लांब पाय, कानांच्या टोकाला काळे केस, शेपटीवर काळी वलयं. भर उजेडात उंदरावर टपून होता. सगळा थकवा गेला. यासाठी एक रुपयाही लागला नाही.



होडीच हवी असेल तर वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत महिला बचतगटाची वल्ह्यांची होडी घ्या. तिथे कांदळवन नीट समजावून सांगतात. इतर कुठेही दर आधी ठरवा, आणि कोणी ठसा दाखवला तर पैसे देण्यापूर्वी बोटं मोजा.