चार दिवस समुद्र आणि एक गळ

चार दिवस फक्त समुद्र, मोबाईल बॅगेत. आणि सोबत गळ, हौसेपुरता.

पहिल्याच दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा बघून ठेवल्या, कारण किनाऱ्यावरून गळ टाकायचा तर सगळा खेळ त्याच्यावरच आहे. भरती चढायला लागली की पाणी वाळूतले किडे, छोटे खेकडे उकरून काढतं आणि ते खायला मासे अगदी काठाजवळ येतात, म्हणून चढत्या पाण्याचे शेवटचे दोन तास मला सगळ्यात आवडतात. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, त्यामुळे आपला दिवसही रोज थोडा पुढे सरकतो, घड्याळ बघावंच लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा खडकांवर जाऊ नका प्लीज, मागून पाणी कधी भरतं कळत नाही.

गळाला कोळंबीचा तुकडा, वर शिशाचं वजन, दोरी ताणून तिच्यावर एक बोट ठेवायचं. लाट आली की दोरी हळूच ओढली जाते आणि सैल पडते, पण मासा लागला की टक्, टक् असे दोन बारीक झटके येतात, ते बोटाला बरोबर कळतं आणि छातीत धडधडतं!

तिसऱ्या संध्याकाळी वीतभर मासा लागला. हात ओले करून धरला, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो ना, आणि सोडून दिला. क्षणभर तो पायाशीच थांबला, मग गेला.