ओली काच

आज लोणारला दैत्यसूदन मंदिरात गेलो. बाहेरच्या भिंतीवरच्या एका मूर्तीच्या पैंजणावर उन्हाची तिरीप पडली होती, दगडातला मणी न् मणी मोजता येत होता. मोबाईल काढला आणि थॉमस बिग्ज आठवला. १८५५ साली मुंबई सरकारनं त्याला विजापूर, बदामीच्या वास्तूंचे फोटो काढायला नेमलं होतं. त्याची निगेटिव्ह कागदाची. पुढं काच रुळली. तिच्यावर कोलोडियन नावाचं चिकट रसायन ओता, चांदीच्या द्रावणात बुडवा, ओली आहे तोवर फोटो घ्या आणि लगेच अंधाऱ्या तंबूत धुवा. वाळली की गेली! आपल्या वैशाखात? नुसत्या विचारानं जीव कासावीस झाला.

शेजारची आजी म्हणाली, "काय पाहून राह्यला बापू एवढं?"

पैंजण दाखवलं. तीही वाकून पाहत राहिली.